तीन सेकंदांचा माणूस

ऑक्टोबर उतरणीला लागला की अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलमध्ये मेपलची पानं गळतात आणि लगोलग ती हाकलायची यंत्रं सुरू होतात. पाठीवर मोटर बांधलेला माणूस या अंगणातली पानं फुंकून त्या अंगणाच्या कडेला नेऊन ठेवतो, आणि दुपारपर्यंत वारा ती परत आणून देतो. एका खराट्याच्या कामाला कानठळ्या बसवणारा आवाज का लागतो, हे मी आजवर तीन शेजाऱ्यांना विचारलं आहे. उत्तर कोणी दिलं नाही. एकाने भोपळा दिला. त्याचे मी घारगे केले, त्यातले चार त्यालाच नेऊन दिले, आणि तेव्हापासून तो यंत्र सकाळी नऊनंतर लावतो. आंदोलनाचा हाही एक मार्ग असतो हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

यंदाही तो आवाज आला. खिडकीच्या काचेवर एक तांबडं पान ओलं होऊन चिकटलं, आणि मला दोन वर्षांपूर्वीची पानगळ आठवली. ती मला दर वर्षीच आठवणार, कारण माझ्या कामाची सुगी याच दिवसांत येते.

माझं काम गर्दी करण्याचं. एखादी वेबसाइट लोकांसाठी उघडण्याआधी तिच्यावर खोटी माणसं सोडायची आणि बघायचं, हजारो जण एकाच वेळी आत शिरले तर ती उभी राहते की बसते. याला लोड टेस्टिंग म्हणतात. खोटी माणसं म्हणजे एक छोटा प्रोग्राम. तो पान उघडतो, नाव लिहितो, बटण दाबतो, पुढे जातो, आणि हेच हजारो प्रतींमध्ये एकदम करतो. आई नागपूरहून फोनवर विचारते, "म्हणजे तू दिवसभर खोटी माणसं बनवते?" मी म्हणते, हो. ती म्हणते, "मग इकडे ये. निवडणुकीत चांगली मागणी आहे."

गर्दीचं वेड मला आधीपासूनच. मुलींच्या वसतिगृहाचं दार सातला का बंद होतं आणि मुलांचं का होत नाही, यावर मी कॉलेजात अकरा पत्रकं लिहिली. पत्रकाचं एक तंत्र असतं. पहिल्या ओळीत 'हजारो विद्यार्थिनी' असं लिहायचं. वसतिगृहात आम्ही दोनशे दहा जणी होतो, पण दोनशे दहा म्हटलं की कोणाच्या मुठी वळत नाहीत. शेवटी दार साडेआठपर्यंत सरकलं. ते पत्रकांमुळे की वॉर्डनबाईंची बदली झाल्यामुळे, हे मी कधी तपासलं नाही. तपासावंसं वाटलं नाही, असं म्हणणं जास्त खरं होईल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या छोट्या कंपनीकडे एक काम आलं. इथली आसपासची काही गावं मिळून एक व्हॅनसेवा चालवतात. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना ती दारातून उचलते, दवाखान्यात सोडते, परत आणते. अमेरिकेच्या या उपनगरांत गाडी नसणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. दूध चार मैलांवर. औषध सहा मैलांवर. चालत निघालं तर पादचाऱ्याची वाट मधेच संपते आणि कोणाची तरी हिरवळ सुरू होते. तर या व्हॅनमध्ये वर्षभरासाठी ठरलेल्या वारांच्या, ठरलेल्या वेळेच्या जागा मिळतात. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊला नोंदणी उघडते आणि जो आधी येईल त्याची जागा. पूर्वी हे फोनवर चालायचं. त्या वर्षी पहिल्यांदा ते वेबसाइटवर जाणार होतं, आणि ती वेबसाइट आम्ही बांधत होतो.

त्या जागेसाठी डोळे लावून बसलेलं एक माणूस माझ्या ओळखीचं होतं. सरोजकाकू. काकू मूळच्या अकोल्याच्या, तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर काढलेल्या. निवृत्तीनंतर काका-काकू मुलाकडे इथे आले. मुलाची नोकरी पुढे दूरच्या प्लेनो शहरात गेली, पण तोवर काकांचं डायलिसिस इथल्या केंद्रात सुरू झालं होतं आणि काकूंचा जीव इथल्या ओळखींत रुजला होता. ते दोघं राहिले. मंगळवार, गुरुवार, शनिवार काकांना केंद्रावर न्यायचं. काकूंना गाडी येत नाही. मग आम्ही इथल्या मराठी मंडळींनी पाळ्या लावून घेतल्या. मंगळवार माझा, गुरुवार माझ्याच कंपनीतल्या संदीपचा, शनिवार आणखी दोन घरांत वाटलेला.

पाळी आनंदाने चालली होती, असं आम्ही म्हणायचो. काकू तसं म्हणायच्या नाहीत. दर फेरीला त्या उतरताना हातात डबा ठेवायच्या. भरली वांगी, मुगाचे लाडू, एकदा तर आख्खी पुरणपोळ्यांची चळत. संदीप पुण्याचा. तो म्हणायचा, "काकू, गुरुवारी मी डाएटवर असतो." काकू म्हणायच्या, "मग शुक्रवारी खा." गाडीत एकदा त्या मला म्हणाल्या, "तुम्ही करता ते प्रेमाने करता, मला समजते. पण माणसानं आजारीसुद्धा दुसऱ्याच्या सोयीनं पडायचं, हे काही बरं नाही. त्या व्हॅनला मी फोन केला तर ती तिचं काम म्हणून येईल. मला कोणाकडे बघून हसावं नाही लागणार." आदल्या वर्षी त्यांनी नोंदणीच्या सकाळी फोन लावला होता. लाइन दिवसभर एंगेज. मग जानेवारीतल्या एका मंगळवारी माझी गाडी बर्फात रुतली, काका केंद्रावर अडीच तास उशिरा पोचले, आणि त्या आठवड्यात त्यांच्या पायांवरची सूज उतरली नाही. काकूंनी डबा मात्र त्या दिवशीही माझ्या हातात ठेवला.

त्यामुळे ते काम आलं तेव्हा मी पेटून उठले. पत्रक लिहावं तशी टेस्ट लिहिली. ऑक्टोबरच्या एका शनिवारी सकाळी सातला, बाहेर गवतावर दहिवर पांढरं झालेलं असताना, आम्ही साइटवर पाच हजार माणसं सोडली. साइट डगमगली नाही. पडद्यावर सगळं हिरवं. मी अहवाल लिहिला, खाली माझं नाव टाकलं, आणि ऑफिसातून परत येताना सफरचंदाच्या रसाची गरम बाटली आणि साखरेत घोळवलेले डोनट घेतले. त्या डोनटची चव मला अजून आठवते. खोट्या समाधानालाही चव असते आणि ती चांगली असते, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मी सरावाची साइट घेऊन काकूंकडे गेले. काकूंना एकदा फॉर्म दाखवून ठेवावा, एवढाच हेतू. ग्रेगला, म्हणजे आमच्या मॅनेजरला, विचारूनच गेले होते. डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवला आणि मी हात मागे बांधून बसले.

काकूंनी आधी चष्मा पुसला. मग पहिल्या पानावरच्या सगळ्या सूचना वाचल्या, मोठ्याने, एकेक शब्द. त्या सूचना आमच्यापैकी कोणीही कधी वाचल्या नव्हत्या. मग नाव. मग काकांची जन्मतारीख.

"अहो, जन्मतारीख काय लिहू?"

आतल्या खोलीतून काका म्हणाले, "खरी की शाळेची?"

"इथे कोणती दिली आपण?"

"शाळेची असेल. एक जून. मास्तरांनी आख्ख्या वर्गाला एक जून लावली होती."

"असेल म्हणजे? कार्डावर बघा."

"कार्ड तुझ्या पर्समध्ये."

पर्स कोटात होती, कोट कपाटात, आणि कपाटाच्या वाटेवर स्वयंपाकघर होतं. तिथे काकूंना काकांच्या चहाची वेळ झाल्याचं आठवलं. काकांना दिवसाचं पाणी मोजून, त्यामुळे चहा अर्धा कप, आणि अर्ध्या कपाचा चहा पूर्ण कपापेक्षा जास्त निगुतीने करावा लागतो. कार्ड घेऊन त्या परत आल्या. तारीख एक जूनच निघाली. काकूंनी ती भरली, उरलेलं पान भरलं आणि 'पुढे' दाबलं. पान पांढरं झालं आणि पहिल्यापासून उघडलं, कोरं.

वीस मिनिटं पानावर काही हालचाल झाली नाही, तर आमची साइट समजायची की माणूस निघून गेला, आणि भरलेलं टाकून द्यायची. काकू गेल्या नव्हत्या. चहा करत होत्या.

मला वाटलं त्या चिडतील. त्यांनी चष्मा काढला आणि हळूच म्हणाल्या, "माझंच काही चुकलं असेल. तू नको वाईट वाटून घेऊ." आणि परत पहिल्यापासून भरायला बसल्या.

त्या एका वाक्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. जगभर रोज किती माणसं पडद्यासमोर हे वाक्य म्हणत असतील. यंत्र माणसाला बाहेर काढतं आणि माफी माणूस मागतो. आमच्या धंद्यात याला 'युजर एरर' म्हणतात, वापरणाऱ्याची चूक. हा शब्द ज्याने काढला त्याला काकूंच्या पोस्टाच्या खिडकीसमोर, राखीच्या आठवड्यात, पेन न देता उभं करावं.

सोमवारी ऑफिसात मी माझीच टेस्ट उघडली. माझ्या खोट्या माणसाने दोन क्लिकांमध्ये किती थांबायचं, याला एक आकडा असतो. थिंक टाइम म्हणतात त्याला, विचार करायचा वेळ. तिथे लिहिलं होतं, तीन सेकंद. कोणी लिहिलं, ते मी शोधलं. मी लिहिलं होतं. टेस्ट बनवताना मी स्वतः फॉर्म भरून दाखवला होता, प्रोग्रामने माझी गती उचलली, आणि मी ती गोल करून तीन केली. म्हणजे ती पाच हजार माणसं म्हणजे पाच हजार वेळा मीच होते. चष्मा नसलेली, जन्मतारीख पाठ असलेली, सूचना न वाचणारी मी. बटणं दाबत दोन मिनिटांत बाहेर पडणारी.

आणि फरक नुसता गतीचा नव्हता. साधी गोष्ट आहे, खानावळीची. प्रत्येक जण पाच मिनिटांत जेवून उठणार असेल तर चार बाकं गावाला पुरतात. प्रत्येक जण तासभर बसणार असेल तर दारात रांग लागते आणि आतली भांडी संपतात. आमची साइट आत बसलेल्या प्रत्येकाचा अर्धवट फॉर्म स्वतःच्या डोक्यात धरून ठेवायची. मी तीन सेकंदांच्या जागी काकूंची गती टाकली, वीस मिनिटांची हकालपट्टी बंद केली, आणि टेस्ट पुन्हा लावली. पाच हजार लांबच राहिले. नऊशेव्या माणसाला साइट बसली.

संदीप पाठीमागे येऊन उभा राहिला. "यार, ग्रीन रिपोर्ट गेलाय ना तुझा? मग आता स्वतःलाच रेड का करतेयस?"

"कारण तो खोटा आहे."

"खोटा नाही. फास्ट आहे." मग खुर्ची ओढून जरा हळू आवाजात, "काकूंचाच प्रश्न असेल तर मी त्यांची एन्ट्री सकाळी डायरेक्ट डेटाबेसमध्ये टाकून देतो. दोन मिनिटं. कोणाला कळणार नाही."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, बघू. संध्याकाळी काकूंना फोन करून विचारलं, अगदी आडून आडून. त्या हसल्या. "राखीच्या आठवड्यात माझी सख्खी बहीण पाकीट घेऊन बाजूच्या दारानं आत आली होती. मी तिला रांगेत पाठवलं. पंधरा वर्षं झाली, अजून लग्नकार्यात टोमणा मारते. आता या वयात मी बाजूच्या दारानं शिरू?" मग म्हणाल्या, "खिडकीवर माणूस आला की तो पत्ता विसरतो, पेन विसरतो, चष्मा शोधतो. त्याला वेळ लागतोच. त्याला म्हणायचं, बाजूला उभं राहून लिहा, तुमचा नंबर जात नाही. एवढंच तर काम असते खिडकीचं."

मी बाहेरून आलेल्या कितीतरी तज्ज्ञांची व्याख्यानं ऐकली आहेत. आमच्या साइटचं दुखणं आणि औषध इतक्या कमी शब्दांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी ग्रेगला दोन पानं लिहून दिली. त्याने वाचली आणि विचारलं, "हा रिपोर्ट आहे की जाहीरनामा?" मी म्हटलं, माझा आधीचा रिपोर्ट चूक आहे आणि चूक माझी आहे, एवढं कळलं तरी पुरे. त्याने पहिलं पान पुन्हा वर काढलं. मग म्हणाला, "माणसांना इतका वेळ लागतो हे तुला कसं माहीत?"

"मी बघितलं."

"किती माणसं?"

"एक."

पत्रकात मी इथे 'हजारो' लिहिलं असतं. एक म्हणताना माझा आवाज खाली गेला. ग्रेग म्हणाला, "मग आणखी बघ. दोन दिवस देतो."

ते दोन दिवस मी गावच्या वाचनालयात काढले. तिथल्या बाईंच्या परवानगीने टेबलावर पाटी ठेवली आणि जे येतील त्यांना सरावाचा फॉर्म भरायला दिला. वाचनालयाच्या मोठ्या काचेबाहेर पानं अशी गळत होती की जणू त्यांनाही कसली घाई नव्हती. एक आजोबा आले. बोटांत जीव नाही म्हणून ते पेन्सिल उलटी धरून तिच्या रबराने एकेक अक्षर दाबत होते. प्रत्येक अक्षरानंतर मान वर करून पडद्यावर ते उमटलं का बघायचे. एक बाई प्रत्येक प्रश्न फोनवर बहिणीला स्पॅनिशमध्ये वाचून दाखवायची आणि मग दोघी त्या प्रश्नावर हसायच्या. कोणाला पंचवीस मिनिटं, कोणाला तास. तीन सेकंदांचा माणूस दोन दिवसांत एकही आला नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा 'जनता' या शब्दाला चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा चष्मा शोधत होता. राग तेवढा वेळ कुठे गेला कळलं नाही. मी नुसती बसून होते आणि मला बरं वाटत होतं.

पुढचे दहा दिवस आख्ख्या टीमने साइट उसवून शिवली. प्रत्येक पान भरलं की ते लगेच कायमचं लिहून ठेवायचं, म्हणजे माणूस चहाला उठला तरी बाक अडत नाही आणि त्याचं काही हरवत नाही. बाजूला उभं राहून लिहा, तुमचा नंबर जात नाही. संदीपने त्यातलं सगळ्यात किचकट काम स्वतःकडे घेतलं. तोंडाने म्हणत होता, "माझा काय, गुरुवार वाचेल."

नोव्हेंबरचा तो सोमवार. झाडं उघडी झालेली, आभाळ पत्र्याच्या रंगाचं. आम्ही सगळे ऑफिसातल्या मोठ्या पडद्यासमोर. मला काकूंच्या शेजारी बसायचं होतं, पण त्यांनीच बजावलं होतं, "तू तुझी खिडकी सांभाळ. मी माझा फॉर्म भरते." नऊ वाजले आणि पडद्यावरची रेघ भिंतीसारखी वर गेली. माझ्या टेस्टांमध्ये ती अशी वर जायची आणि कळसासारखी लगेच खाली यायची, कारण माझी माणसं भराभर उरकून निघून जायची. त्या दिवशी ती वर गेली आणि तिथेच राहिली. सातपुड्याच्या माथ्यासारखी सपाट. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. ती सपाट रेघ म्हणजे थांबलेली माणसं होती. कोणी सूचना वाचत होतं, कोणी पर्स शोधत होतं, कोणी बहिणीला फोन लावत होतं. त्यांतल्या एक सरोजकाकू होत्या, आणि त्या कोणत्या ते मला ओळखता येत नव्हतं. तसंच असायला हवं होतं. संदीप रेघेकडे बघत म्हणाला, "ह्या पठारावर सगळीकडे चहा चाललाय."

नऊ बावन्नला फोन आला. मी पहिल्याच घंटीला उचलला.

"मिळाली," काकू म्हणाल्या. "तिन्ही वार. सकाळी पावणेसातची."

"मधे काही अडलं?"

"एकदा पान पांढरं झालं नं. म्हटलं, गेलं परत सगळं. पण नाही, मी जिथे होते तिथेच होते."

"आणि चहा?"

"काकांनी मागितला, मग काय नाही म्हणू?"

तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार एक पांढरी व्हॅन त्यांच्या दारात उभी राहते. काकू ड्रायव्हरकडे बघून हसत नाहीत. म्हणजे हसतात, पण मनात आलं तर. डबे बंद झाले. संदीप अजून कुरकुरतो, "आपण सिस्टिम नीट केली आणि आपली वांगी गेली." मी आता मंगळवारी संध्याकाळी बोलावल्याशिवायच जाते आणि जेवून येते. जाणं आपल्या मनाने असलं की त्या जेवणाची चव वेगळी लागते.

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. त्या दिवशी साइट पडली नाही म्हणून व्हॅन वाढल्या नाहीत. रांग नीट लागली, पण रांगेच्या शेवटच्या माणसाला जागा मिळालीच नाही, आणि पेन्सिलवाले आजोबा त्या शेवटच्यांत होते. मग मी एक पत्रक लिहिलं. संदीप म्हणाला, "तू व्हिसावर आहेस, जरा गप्प बस." मी म्हटलं, व्हिसा कामासाठी दिलाय, तोंड माझं स्वतःचं आहे. गावसभेत कोणालाही उभं राहून बोलता येतं. मीही बोलले. पत्रकाच्या पहिल्या ओळीत हजारो नव्हते. एक पेन्सिल होती, उलटी धरलेली. या वर्षी एक व्हॅन वाढली आहे. ती कोणामुळे वाढली हे या वेळी मी तपासलं. मी एका सभेला गेले होते. आजोबा, कोणाकोणाच्या गाडीतून, प्रत्येक सभेला गेले होते.

बाहेर शेजाऱ्याचं यंत्र आत्ता बंद झालं. पुढच्या सोमवारी पुन्हा नऊ वाजणार आहेत आणि शनिवारी आमची टेस्ट आहे. दुपारी काकूंचा फोन येऊन गेला.

"ऐक, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला आहे. यंदा मला तासभर लागेल. तुमच्या त्या खोट्या माणसांना सांगून ठेव."

मी टेस्टची फाइल उघडली आणि थिंक टाइमचा आकडा वाढवला.